रिपोर्टमधे 'सॉक्स-१० पॉझिटिव्ह' आलंय म्हणजे जीन बिघडलंय का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल काय चाललंय. मामा ५६ वर्षांचे, यंत्रमागावर काम, डाव्या टाचेवर दीडएक वर्षापासून काळा डाग होता, घरात सगळे त्याला भोवरी समजत होते, शेवटी चिरायला लागला आणि रक्त यायला लागलं म्हणून काढला आणि तपासणीत मेलॅनोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा (रंगपेशींचा) कॅन्सर, निघाला. रिपोर्टच्या शेवटी लिहिलंय एस-१०० पॉझिटिव्ह, सॉक्स-१० पॉझिटिव्ह, एचएमबी-४५ काही ठिकाणी पॉझिटिव्ह (या तिन्ही पेशी कोणत्या जातीची ते ओळखायच्या खुणा). तुम्ही बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला, त्यामुळे गप्प बसवलं नाही, शोधलंत, आणि सापडलं की सॉक्स-१० हे गर्भाच्या वाढीतलं जीन आहे. मग प्रश्न असे की गर्भातलं जीन ५६ वर्षांच्या माणसाच्या टाचेत काय करतंय, ते बिघडलंय म्हणून कॅन्सर झाला का, तसं असेल तर आईला आणि तुम्हाला पण ते असेल का, आणि एवढं संशोधन आहे तर त्यावर औषध का नाही.

मी सोलापुरात पॅथॉलॉजिस्ट आहे, २२ वर्षं झाली. म्हणजे मी पेशंटला औषध देत नाही, मी काचेवरचा तुकडा बघते आणि तो काय आहे ते लिहून देते. त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांवर ठामपणे बोलेन, तिसऱ्यावर बऱ्यापैकी, आणि उपचाराचं शेवटचं जे काही असेल ते मामांना तपासणाऱ्या कॅन्सरच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. मामांच्या स्लाइड मी पाहिलेल्या नाहीत हेही लक्षात असू द्या.

आधी तुमच्या मनातली एक गफलत काढते कारण ती जवळजवळ सगळ्यांची होते. रिपोर्टमधलं 'पॉझिटिव्ह' म्हणजे कोविडसारखं पॉझिटिव्ह नाही. डीएनए वाचून जीन खराब आहे असं कुणी सांगितलेलं नाहीये. ही चाचणी जीनची नाहीच, त्या जीनपासून बनणाऱ्या प्रोटीनची आहे. त्या प्रोटीनला चिकटणारी अँटिबॉडी आम्ही काचेवर टाकतो, जिथे ते प्रोटीन असेल तिथे रंग चढतो, एवढंच. 'सॉक्स-१० पॉझिटिव्ह' याचा अर्थ या पेशींच्या केंद्रकात सॉक्स-१० हजर आहे. आणि मामांच्या त्याच टाचेवर कॅन्सरपासून चार मिलिमीटर लांब जी साधी निरोगी रंगपेशी बसलीये ना, तिच्यातही ते हजरच असतं. तुमच्या माझ्या कातडीतल्या रंगपेशींमधेही. रोज स्लाइडवर बघते मी, निरोगी कातडीच्या तळच्या थरात दहाबारा साध्या पेशींमागे एक अशी केंद्रकं रंगलेली दिसतात, आणि तीच आमची खात्री असते की रंग नीट चढलाय.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते थोडं सांगते, कारण लोकांना वाटतं मशीनमधे घातलं की उत्तर येतं. टाचेचं कातडं हे आमच्याकडचं सगळ्यात त्रासदायक काम. तुकडा मेणात बसवून त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे असतात आणि टाचेवरचा तो जाड थर पात्याला दाद देत नाही, काप फाटतो, घडी पडते. आमचे टेक्निशियन वैतागून म्हणतात, "मॅडम, अजून एक पातं खाल्लं बघा टाचेनं." त्यात सोलापूरचा मे महिना, बाहेर ४३-४४, खोलीतलं मेणसुद्धा मऊ पडतं, काप एकमेकांना चिकटतात, मग ब्लॉक बर्फावर ठेव, दोन काप काढ, परत बर्फावर ठेव असं चालतं. त्यानंतर दुसरी गंमत. आमचा नेहमीचा रंग तपकिरी, आणि मेलॅनोमातलं मेलॅनिन, म्हणजे रंगपेशी बनवते तो रंग, तोही तपकिरीच. एचएमबी-४५ पेशीच्या अंगात रंगतं, मेलॅनिनही तिथेच, मग रंग चढलाय की पेशीचं मूळचंच आहे हे कळत नाही. अशा वेळी आम्ही लाल रंगाचं रसायन वापरतो किंवा मेलॅनिन ब्लीच करून घेतो. सॉक्स-१० आम्हाला आवडतं त्याचं एक कारण हेच, ते केंद्रकात रंगतं, मेलॅनिन केंद्रकाबाहेर असतं, त्यामुळे गोंधळ कमी. तुमच्या मामांच्या रिपोर्टमधे तीन तीन नावं आहेत तीही याचसाठी. सॉक्स-१० नसांच्या आवरणाच्या गाठींतही येतं, स्तनाच्या काही कॅन्सरमधेही येतं, म्हणून एकट्या त्याच्यावर कुणी सही करत नाही.

आता मूळ प्रश्न, गर्भातलं जीन तिथे काय करतंय. त्यासाठी रंगपेशी मुळात येते कुठून ते बघायला लागेल. गर्भ तीन-साडेतीन आठवड्यांचा असताना त्याच्या पाठीवर पेशींची एक सपाट पट्टी असते, तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात आणि पानाची पुंगळी करावी तशी ती वळून नळी होते. तीच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू. ज्या दोन कडा जुळतात त्या शिवणीजवळच्या पेशी म्हणजे न्यूरल क्रेस्ट. व्हिल्हेल्म हिस या माणसाने १८६८ साली कोंबडीच्या गर्भात ही पट्टी पहिल्यांदा नोंदवली. या पेशींचं वैशिष्ट्य म्हणजे त्या जागेवर थांबत नाहीत. शेजारणींशी असलेली पकड सोडतात, आजूबाजूच्या जाळीतून वाट काढतात आणि शरीरभर पांगतात. कुणी चेहऱ्याची हाडं होतं, कुणी आतड्यातल्या नसा, कुणी नसांची आवरणं, आणि काही कातडीखालून पाठीकडून पोटाकडे सरकत सरकत रंगपेशी होतात. टाचेतली रंगपेशी म्हणजे पाठीवरून निघून तिथवर पोचलेल्या पेशीची वंशज.

या प्रवासाचा पुरावा आपण रोज बघतो, फक्त लक्षात येत नाही. कपाळावर चांद असलेला बैल, पोटाखाली पांढरं असलेलं कुत्रं. पांढरं कुठे असतं? जे पाठीच्या शिवणीपासून सगळ्यात लांब तिथे, म्हणजे कपाळाच्या मधोमध, छाती-पोटाच्या मधल्या रेषेवर, पायाच्या टोकांना. रंगपेशी तिथवर पुरल्या नाहीत. माणसातही किट नावाच्या जीनमधे जन्मजात दोष असला तर अगदी असंच होतं, कपाळावर पांढरी बट आणि पोटावर पांढरे चट्टे. हे कोड नव्हे बरं का, कोडात पेशी पोचलेल्या असतात आणि नंतर मरतात, इथे त्या पोचलेल्याच नसतात.

शिकत असताना मूकबधिर मुलांच्या शाळेत एका शिबिराला गेले होते, तिथे सातआठ वर्षांची एक मुलगी होती, कपाळावर दोन बोटं रुंद पांढरी बट, एक डोळा निळाशार, दुसरा काळा. सगळे कौतुकाने बघत होते आणि तिला ऐकू येत नव्हतं. आमच्या सरांनी बाजूला घेऊन सांगितलं, बट, डोळा आणि कान हे तीन वेगळे आजार नाहीत. आतल्या कानातही रंगपेशी लागतात, त्या पोचल्या नाहीत की ऐकू येत नाही. वार्डनबर्ग सिंड्रोम, वार्डनबर्ग या डच डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९५१ साली सविस्तर मांडलेला. आणि आता गंमत बघा, या सिंड्रोमच्या वेगवेगळ्या प्रकारांत जी जीन्स बिघडलेली सापडली ती म्हणजे पॅक्स-३, एमआयटीएफ, सॉक्स-१०, स्लग. मेलॅनोमाचा कुठलाही शोधनिबंध उघडा, हीच नावं दिसतील. म्हणजे सॉक्स-१० खरंच जन्मतः बिघडलं तर रंगपेशी कमी होतात, पांढरी बट येते, कधी त्याबरोबर आतड्यातल्या नसाही तयार होत नाहीत आणि बाळाला शी होत नाही. मामांचं तसं काही नाही. त्यांचं सॉक्स-१० बहुधा धडधाकट आहे, कॅन्सरच्या पेशीत ते काम करतंय हीच तर अडचण आहे.

मामा मागावर काम करतात म्हणालात म्हणून चादरीच्या जकार्डचं उदाहरण देते, त्यांनाही सांगता येईल. जकार्डवर भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं असतात, भोक असेल त्याप्रमाणे दोरा उचलला जातो आणि नक्षी पडते. समजा प्रत्येक शेडमधे आजवर निघालेल्या सगळ्या डिझाइन्सची कार्डं टांगलेली आहेत, मोर पण, चौकट पण, टॉवेलचं पण. प्रत्येक पेशीत तसंच, सगळी जीन्स सगळीकडे असतात. कोणती कार्डं मागावर चढवायची हे जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा, ठरवतो. सॉक्स-१० आणि एमआयटीएफ हे जॉबर आहेत, नक्षीची कार्डं नव्हेत. सॉक्स-१० एमआयटीएफला कामाला लावतं, एमआयटीएफ मग मेलॅनिन बनवणारी, पेशीला जिवंत ठेवणारी, विभागणी करायला लावणारी कार्डं चढवतं. गर्भात पेशी निघाली तेव्हापासून हा जॉबर तिच्याबरोबर आहे आणि टाचेत स्थायिक झाल्यावरही ५६ वर्षं ड्यूटीवर आहे. तो निवृत्त झालाच नव्हता, त्यामुळे 'परत आला' म्हणणं चुकीचं.

म्हणून मी माझ्या डोक्यात या जीन्सचे दोन ढीग करते, आणि तुम्ही पुढे वाचाल तेव्हा हे दोन ढीग वेगळे ठेवा, निम्मा गोंधळ मिटेल. पहिला ढीग कधीच बंद न झालेल्यांचा, सॉक्स-१०, एमआयटीएफ, पॅक्स-३ हे त्यात. हे पेशीची ओळख सांगतात. आमच्या रिपोर्टमधे येतात ते बहुतेक याच ढिगातले. दुसरा ढीग गर्भात वापरून झाल्यावर बंद झालेल्यांचा, जी कार्डं खुंटीला टांगून ठेवली होती आणि कॅन्सरमधे कुणीतरी परत उतरवली. खरी रंगत या दुसऱ्या ढिगात आहे.

याचा सगळ्यात सुंदर प्रयोग झेब्राफिश नावाच्या बोटाएवढ्या माशावर झालाय. हा मासा का, तर त्याची पिल्लं पारदर्शक असतात, आत काय चाललंय ते जिवंतपणी दिसतं. मेलॅनोमात ब्राफ नावाच्या जीनमधे एक ठराविक बदल फार वेळा सापडतो, तो २००२ साली कळला. गोऱ्या लोकांच्या कातडीवरच्या मेलॅनोमात साधारण निम्म्यांत. पण लगेच पुढच्याच वर्षी कळलं की साध्या तिळांमधेही तोच बदल असतो, आणि तीळ आयुष्यभर तिथेच गप्प बसतो. मग फक्त ब्राफ बिघडून भागत नाही हे उघड झालं. २००५ साली अमेरिकेत झेब्राफिशच्या रंगपेशींत तो माणसाचा बिघडलेला ब्राफ घातला, शिवाय पी-५३ हे राखणदार जीनही काढलं. आता बघा, त्या माशाच्या अंगावरच्या हजारो रंगपेशींमधे हा बिघाड आहे. कॅन्सर किती होतात? एका माशाला आयुष्यात एक, दोन, फार तर तीन. बाकीच्या पेशी तोच बिघाड घेऊन नीट वागतात. का?

याचं उत्तर शोधायला २०१६ साली त्याच गटाने क्रेस्टिन नावाच्या जीनला चमकणारी हिरवी खूण जोडली. क्रेस्टिन माशाच्या न्यूरल क्रेस्टमधे चालू असतं, पिल्लू मोठं झालं की बंद, मोठ्या माशात कुठेच हिरवं दिसत नाही. मग ते मासे रोज बघत बसले. एके ठिकाणी एक पेशी हिरवी झाली. एकच. अजून गाठ नाही, काही नाही. ती वाढत गेली आणि तिथेच मेलॅनोमा झाला. म्हणजे बिघाड सगळ्यांत होता, पण ज्या पेशीने मागे जाऊन गर्भातली अवस्था धरली तिथेच कॅन्सर उभा राहिला. मला वाटतं या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. कार्ड फाटलं एवढ्याने नक्षी बदलली नाही, जुनं कार्ड परत मागावर चढलं तेव्हा बदलली. फक्त उदाहरण इथपर्यंतच ताणायचं, कारण मागावर कार्ड चढवणारा माणूस असतो आणि इथे त्या एकाच पेशीत ते नेमकं का चढतं याची साखळी पूर्ण जुळलेली नाही.

पसरण्याचंही असंच. मेलॅनोमाची ख्याती आहे की गाठ नखाएवढी असली तरी लवकर लांब जाते. २००५ सालच्या एका कामात दिसलं की वेगवेगळ्या प्रकारच्या साध्या पेशींत तेच बिघाड घातले तरी रंगपेशीपासून बनलेला कॅन्सरच जास्त पसरतो, आणि त्यात स्लग या जीनचा हात आहे. स्लग म्हणजे तेच, वार्डनबर्गच्या यादीतलं, क्रेस्टच्या पेशींना शेजारणींची पकड सोडायला लावणारं. ज्या घराण्याचा धंदाच भटकंतीचा, त्याला रस्ते शिकवावे लागत नाहीत. पुढच्या वर्षी, २००६ मधे, तर माणसाच्या मेलॅनोमाच्या पेशी कोंबडीच्या गर्भात क्रेस्टच्या जागी ठेवून बघितल्या. त्या पेशी क्रेस्टच्या नेहमीच्या वाटांनीच निघाल्या आणि तिथे गाठी केल्या नाहीत. प्रजाती वेगळी, पेशी कॅन्सरची, तरी गर्भाच्या परिसरात वाट ओळखली. याच सुमारास नोडल नावाचा अगदी सुरुवातीच्या गर्भातला संदेशही आक्रमक मेलॅनोमात सापडला, निरोगी रंगपेशीत तो नसतो. हा दुसऱ्या ढिगातला.

इथे थांबून आत्तापर्यंतचं एका दमात सांगते. सॉक्स-१० पॉझिटिव्ह म्हणजे पेशी रंगपेशीच्या घराण्यातली, जीन बिघडलंय असं नाही. ते जीन गर्भापासून चालूच होतं. कॅन्सर त्याचा वापर करतोय आणि त्याशिवाय गर्भात मिटलेली काही जीन्स परत उघडतोय. ठीक आहे? पुढे जाऊ.

मग औषध का नाही. सरळ विचार असा येतो की सॉक्स-१० बंद करून टाकू. उंदरांत हे झालंय, २०१२ साली झ्युरिकच्या लोकांनी दाखवलं की सॉक्स-१० ची एक प्रत कमी केली तरी मोठे तीळ आणि मेलॅनोमा होणं खूप कमी होतं. ऐकायला छान आहे. पण अडचण दोन ठिकाणी. एक, सॉक्स-१० आणि एमआयटीएफ ही डीएनएवर जाऊन बसणारी प्रोटीन्स आहेत, त्यांच्यात औषधाचा रेणू अडकवायला सोयीची खाच नसते, त्यामुळे थेट त्यांच्यावरची गोळी बाजारात नाही. दुसरी अडचण जास्त खोल आहे. मेलॅनोमाच्या पेशी सोंगं बदलतात. एमआयटीएफ भरपूर असलेली पेशी वाढते आणि रंग बनवते, एमआयटीएफ कमी झालेली पेशी वाढायची थांबते पण सरपटायला लागते. ब्राफवरची औषधं दिल्यावर ज्या थोड्या पेशी उरतात त्यातल्या काही क्रेस्टच्या मूळ पेशींसारख्या झालेल्या असतात, २०१८ साली हे नीट दाखवलं गेलं. आणि सॉक्स-१० पूर्ण गमावलेल्या पेशी हळू होतात पण औषधाला दाद देत नाहीत हेही दिसलंय. म्हणजे जॉबरला हाकलून दिलं म्हणून माग बंद पडेलच असं नाही, तो भलतीच नक्षी विणायला लागू शकतो. त्यामुळे 'गर्भाची जीन्स बंद करा, मेलॅनोमा बरा' अशा बातम्या आल्या की मी जरा थंडच असते.

एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण तुम्ही शोधणारे आहात, तुम्हाला ती सापडेलच. २०११ साली झेब्राफिशच्या गर्भावर हजारो रसायनं तपासली आणि क्रेस्ट थांबवणारी निवडली, त्यात लेफ्लुनोमाइड निघालं, जे संधिवाताला वापरतात ते. प्रयोगशाळेत आणि उंदरांत त्याने मेलॅनोमाची वाढ कमी केली. म्हणून मेडिकलमधून आणून मामांना चालू करू नका. मेलॅनोमाचं ते रुळलेलं औषध नाही आणि लिव्हरवर लक्ष ठेवून द्यायची गोळी आहे. आमच्याकडे असा एक मुलगा येऊन गेलाय, वडिलांसाठी स्वतःच वाचून ठरवलेलं, म्हणून लिहिते.

आणि या सगळ्यात गर्भाच्या वाढीचं एक जीन असं आहे जे मामांच्या बाबतीत खरंच तपासायला हवं, आणि ते तुमच्या रिपोर्टमधे नाहीये. किट. तेच पांढऱ्या बटेवालं. रंगपेशीला गर्भात प्रवास करायला आणि जिवंत राहायला ते लागतं. तळवा, तळपाय, नखाखालचा मेलॅनोमा हा उन्हाचा आजार नाही, आणि आपल्यासारख्या सावळ्या लोकांत बहुतेक हाच प्रकार दिसतो. त्यात ब्राफचा बदल गोऱ्यांपेक्षा कमी वेळा सापडतो, आणि थोड्या पेशंटमधे किटमधे खराखुरा बदल असतो. तसा निघाला तर इमॅटिनिब नावाची गोळी काही जणांना काही काळ उपयोगी पडते. ही गोळी एका रक्ताच्या कॅन्सरसाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं बनतेय, त्यामुळे बाकीच्या औषधांच्या मानाने परवडणारी. सगळ्यांना लागेलच असं नाही. आजार टाचेपुरताच असेल तर आत्ता गरजही नसेल, पण पुढे पसरला तर ब्राफ आणि किट दोन्ही माहीत असलेलं बरं.

आता आईचं आणि तुमचं. मामांच्या पेशींत जे बदल झाले असतील ते बहुधा त्या टाचेतल्या एका पेशीत आयुष्यात कधीतरी झालेले, ते रक्तात नाहीत, मुलांत-बहिणीत जात नाहीत. काही घराण्यांत मेलॅनोमा खरंच वारशाने येतो, त्यात बहुतेक सीडीकेएन-२ए नावाचं वेगळंच जीन असतं, आणि घरात दोन-तीन जणांना मेलॅनोमा किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर झालेला असला तर त्याचा विचार करतात. तुम्ही लिहिलंय घरात दुसरं कुणी नाही, तळपायाचा एकटा मेलॅनोमा आहे, त्यामुळे तुम्हा दोघांच्या जीनची तपासणी मी तरी सुचवणार नाही. आईला एवढंच सांगा की आंघोळीनंतर तळपाय, बोटांच्या मधल्या बेचक्या आणि नखं बघत जा, नवा काळा डाग वाढत असेल किंवा नखातली काळी रेघ रुंद होऊन नखाबाहेरच्या कातडीवर उतरली असेल तर दाखवा.

हे मी एवढ्या ठामपणे सांगते त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. प्रॅक्टिसच्या चौथ्या-पाचव्या वर्षी जांघेतल्या अवधाणाचा एक तुकडा आला, आत मोठाल्या वेड्यावाकड्या पेशी, रंग अजिबात नाही. माझ्याकडे तेव्हा ही अँटिबॉडी वगैरे काही नव्हतं. मी लिहिलं, पूअरली डिफरन्शिएटेड कार्सिनोमा, म्हणजे कोणत्या पेशीपासून झाला ते ओळखू न येणारा कॅन्सर, मूळ जागा शोधा. पोटाचं स्कॅन झालं, दुर्बीण झाली, दोन महिने गेले. मग दुसऱ्या शहरात स्लाइड गेल्या, एस-१०० लागलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी माणसाला चप्पल काढायला सांगितलं. टाचेवर रुपयाएवढा काळा डाग. मी त्या पेशंटला पाहिलंच नव्हतं, फॉर्मवर पायाबद्दल अक्षर नव्हतं आणि मी फोन करून विचारलं नव्हतं. तेव्हापासून जांघेतली गाठ आली की मी सही करायच्या आधी फोन करते, तळपाय बघितला का. काही सर्जन वैतागतात, वैतागू देत.

मामांच्या बाबतीत तुमची ताकद सॉक्स-१०वर घालवू नका, रिपोर्टमधे या गोष्टी बघा. ब्रेस्लो थिकनेस म्हणून मिलिमीटरमधे आकडा असेल, कॅन्सर कातडीत किती खोल गेलाय त्याचा. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली मांडलेली ही साधी मोजपट्टी, आणि ५० वर्षांत एवढी जीन्स आली तरी पुढे काय होईल याचा अंदाज बांधायला अजून पहिली तीच लागते. १ च्या आत असेल तर वेगळं, ४ च्या वर असेल तर फार वेगळं. नसेल लिहिलेली तर लॅबला विचारा, हक्काने. मग वरची कातडी फाटलेली आहे का, म्हणजे अल्सरेशन. रक्त येत होतं म्हणालात म्हणून हे महत्त्वाचं. मग कडा मोकळ्या आहेत का. भोवरी समजून काढला असेल तर बहुतेक कडा पुरेशा नसणार आणि खोलीप्रमाणे एक ते दोन सेंटिमीटर जास्त कातडी परत काढावी लागेल. खोली ०.८ च्या पुढे असेल किंवा अल्सर असेल तर जांघेतली पहिली गाठ, सेंटिनल नोड, तपासायची का हे त्याच वेळी विचारायचं. आधी रुंद कापून घेतलं आणि नंतर नोडचा विचार केला तर ती गाठ अचूक शोधणं अवघड होतं, त्यामुळे क्रम महत्त्वाचा.

कुठे जायचं हे मामांच्या सोयीवर आहे. आपल्या जिल्ह्यात बार्शीला कॅन्सरचं जुनं काम आहे, देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून तिथलीच. पण मेलॅनोमा आपल्याकडे मुळात कमी, भारतात वर्षाला लाखात एकालाही होत नाही, त्यामुळे एकदा तरी मुंबईला टाटामधे किंवा जिथे असे पेशंट नियमित बघतात तिथे मत घ्यावं असं मी माझ्या नातेवाइकांनाही सांगेन. आजार पसरलेला निघाला तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांचा, विषय निघेल, तिचा खर्च लाखांत जातो आणि तळपायाच्या प्रकारात ती गोऱ्यांच्या कातडीवरच्या मेलॅनोमाइतकी हमखास चालत नाही, हे आधीच माहीत असू द्या म्हणजे पैशाचं ठरवताना घाई होणार नाही.

जाताना नुसता रिपोर्टचा फोटो नेऊ नका. लॅबकडून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक, दोन्ही मागून घ्या, सही करून देतात, नाही म्हणत नाहीत. किट आणि ब्राफची तपासणी त्या ब्लॉकवरच होणार आहे, दुसरीकडे परत तुकडा काढायची गरज नाही. आणि आत्ता मे आहे, ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिकीत टाकू नका. मेण ५६-५८ डिग्रीला वितळतं आणि दुपारी बंद गाडीत तेवढं होतं, मागच्या वर्षी एकांचा ब्लॉक कॅसेटमधून ओघळून पिशवीला चिकटून आला होता, तुकडा कुठे ते शोधायला आम्हाला तास लागला. साध्या स्टीलच्या डब्यात रुमालात गुंडाळून घ्या आणि रात्रीच्या गाडीने जा.